छंद : लाकडे फोडणे

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आपल्या प्रवेशअर्जात 'छंद' असा एक रकाना असतो. त्यात काय लिहायचे हे आपल्याला कोणीही शिकवलेले नसते, तरी ते सर्वांना तोंडपाठ असते. वाचन, संगीत, नाटक, प्रवास. वाचनाचा छंद असणाऱ्यांची संख्या आणि आपल्या ग्रंथालयातली दुपारची शांतता यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल. मी त्या रकान्यात 'लाकडे फोडणे' असे लिहिले. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी सहानुभूतीने विचारले, "हा छंद आहे की घरची परिस्थिती?"

वाचकहो, प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाही. किंबहुना या विषयावरचा खरा प्रश्न तोच आहे. त्या दिवशी मागे रांग होती म्हणून मी "छंदच" एवढेच म्हणून पुढे सरकले. सविस्तर उत्तर देण्यासाठी संपादक मंडळाने चार पाने दिली आहेत, ती वापरते.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडच्या बागाही सापडल्या. एका दुपारीत आमच्या आवारातले दोन आंबे, एक फणस आणि कुंपणाचे चार सुरू आडवे झाले. टाळेबंदीचे दिवस. लाकूडतोडे मिळेनात. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. आमच्या दहावीचा भूगोलाचा पेपर त्या वर्षी रद्द झाला होता, त्यामुळे हाताला काही काम नव्हते. मुंबईहून येऊन अडकलेला काका आणि मी अशा दोघांनी करवत धरली. आजोबा पडवीत बसून सूचना देत. आजीचे म्हणणे एकच, "पोरीच्या जातीने कुऱ्हाड धरू नये." का धरू नये, याचे कारण तिला विचारले तर तिने कोयती माझ्या हातात दिली आणि डहाळ्या साळायला सांगितले. कोयती चालते, कुऱ्हाड चालत नाही! हा भेद मला तेव्हा गमतीचा वाटला होता. त्याच्याकडे पुढे येतेच.

त्या पावसाळ्यानंतर काका मुंबईला परत गेला आणि दर रविवारी सकाळी कुऱ्हाड माझ्या वाट्याला आली. आज पाच वर्षांनंतरही ती तिथेच आहे. घरात गॅस आहे. स्वयंपाक त्याच्यावरच होतो आणि तसाच व्हावा, कारण बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर बायकांच्या छातीत किती वर्षे साठत आला हे आजीच्या खोकल्याने आम्हाला रोज ऐकवले आहे. मात्र अंघोळीचे पाणी तापते ते मागल्या दारी, उघड्यावरच्या चुलाणावर. त्याचे जळण मी पुरवते.

लाकूड फोडणे हे ताकदीचे काम आहे, अशी समजूत ज्यांनी ते कधी केले नाही त्यांची असते. ताकद लागते, पण ती शेवटी. आधी पाहावे लागते. ओंडका वाळू लागला की त्याच्या कापलेल्या तोंडावर मधून कडेपर्यंत चिरा पडतात. आपण कुठे उघडायला तयार आहोत हे लाकडाने तिथे लिहूनच ठेवलेले असते. लहान ओंडका असेल तर त्या चिरेवर घाव घालावा, एका घावात दोन शकले होतात. बुंध्याकडचा रुंद ओंडका असेल तर मध्यावर घाव घालणारा हमखास फसतो. कुऱ्हाड रुतून बसते आणि मग ती काढण्यातच सकाळ जाते. अशा ओंडक्याच्या कडेकडेने ढलपे काढत आत जायचे असते. गाठ दिसली की तिच्याशी समोरासमोर भांडू नये, ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने पाहावे. बेचक्याचा तुकडा असला तर पाचर आणि घण घ्यावा, नाहीतर तो सरळ बाजूला ठेवून होळीची वाट पाहावी. सगळेच फोडले पाहिजे असा काही नियम नाही.

ओंडका मातीवर ठेवून फोडू नये. खाली रुंद, बसका ठोकळा हवा. घाव चुकला तर पाते ठोकळ्यात जावे, पायात नव्हे. पाय फाकवून उभे राहावे आणि कुऱ्हाड खाली येताना गुडघ्यांत किंचित वाकावे, म्हणजे पाते सरळ खाली उतरते, आपल्याकडे वळत नाही. दांडा पात्यात सैल झालेला नाही ना, हे दर खेपेला पाहावे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण झाडांच्या बाजूने रचलेली आहे. सैल दांडा हा फोडणाऱ्याच्या गोतासही काळच. आणि पायांत चप्पल नको, बूट हवेत. रचलेल्या लाकडात हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावे, कारण आमच्याकडे विंचू आणि फुरसे या दोघांनाही सुकी लाकडे फार आवडतात.

झाडाझाडाचा स्वभाव वेगळा. सुरू सरळ नसेचा, कुऱ्हाड लागताच खळ्ळकन उघडतो आणि जळतोही उत्तम. आंब्याची नस पिळवटलेली असते. त्याला धूर फार, आणि पावसात पडून राहिला तर वाळण्याआधी किडतो. 'निसर्ग'नंतर जिल्ह्यातली कितीतरी आंब्याची लाकडे अशीच जागच्या जागी भुसा झाली. ऐन आणि किंजळ यांचा निखारा टिकतो, पण ती रानातली झाडे, त्यांचा विषय पुढे. फणस फोडताना मात्र हात कचरतो. आतून तो इतका पिवळाधमक निघतो की जाळायला घेतल्याची लाज वाटावी. दारांच्या फळ्या ज्याच्या करायच्या, मृदंगाचे खोड ज्याचे कोरायचे, ते चुलाणात घालायचे नसते. आमच्या फणसाचा बुंधा कापायला गिरणीवर गेला, माझ्या वाट्याला फक्त फांद्या आल्या. नारळाबद्दल तर बोलायलाच नको. त्याला लाकूड म्हणावे का, हाच प्रश्न आहे. वर्षावर्षाची वलये नाहीत, चिरा नाहीत, नुसती घट्ट आवळलेली दोऱ्यांची जुडी. त्याच्यावर कुऱ्हाड चालवणे म्हणजे काथ्याच्या गादीवर घाव घालणे. काही झाडे तर घरात आणूच नयेत. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो. खाडीकाठच्या गेव्याचा चीक आणि धूर दोन्ही डोळ्यांना घातक. ही माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हती, पण आमच्या गावातल्या प्रत्येक म्हातारीला ती होती.

फोडून झाले म्हणजे काम संपले नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मे पाणी असते. ते जळायला घातले तर त्याची बरीचशी आग स्वतःचेच पाणी उकळण्यात खर्च होते आणि आपल्याला मिळतो धूर. हे पाणी पाचव्या हिश्शापर्यंत खाली आले म्हणजे लाकूड जळणाच्या लायकीचे झाले. त्यासाठी ते फोडून ठेवावे लागते, कारण साल पाणी अडवून धरते. खाली दोन वासे टाकून जमिनीपासून उचलून, मध्ये वारा खेळेल असे रचावे लागते, आणि वर झाप घालून बाजू उघड्या ठेवाव्या लागतात. सगळीकडून ताडपत्री गुंडाळणारे लोक लाकडे वाळवत नाहीत, मुरवतात. दिवाळीनंतर फोडलेले मेपर्यंत खडखडीत होते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठण् असा आवाज यावा. थप् असा आला तर अजून थांबावे. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण माणसांच्या बाबतीत खरी असेल. चुलाणात ओले हे सुक्यालाही धड जळू देत नाही.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे मी याचा हिशेब मांडून पाहिला. आमच्या घरी पाच माणसे. प्रत्येकी वीस लिटर म्हणजे रोज शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत न्यायचे. वाळलेल्या लाकडाच्या उष्णतेपैकी सातवा हिस्सा जरी भांड्यापर्यंत पोचला असे धरले, तरी रोज जेमतेम चार किलो लाकूड पुरते. आठवड्याचे झाले अठ्ठावीस किलो. हेच पाणी गॅसवर तापवले असते तर सुमारे दीड महिन्यात १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला असता. म्हणजे माझ्या सहा-सात रविवारांची किंमत एक सिलिंडर! आमच्या एका प्राध्यापकांना हा हिशेब दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मग तुझ्या श्रमाचा संधिखर्च?" सर, तो धरला तर हा उद्योग निव्वळ तोट्याचा आहे हे मान्य. पण संधिखर्च क्रिकेटलाही असतो आणि तो कोणी विचारत नाही. छंद म्हणजे तोट्यात जायचे ठरवून केलेले काम, अशी व्याख्या आपल्या शास्त्राला करता येईल.

या छंदात मी एकटी नाही. संगत तर फार मोठ्यांची आहे. इंग्लंडचे चार वेळा पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन सुट्टीत आपल्या इस्टेटीवर कुऱ्हाडीने झाडे पाडत, आणि त्यांचे चाहते तिथल्या ढलप्या आठवण म्हणून घरी नेत. १९१८ साली गादी सोडून हॉलंडात जाऊन राहिलेला जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने पुढची कितीतरी वर्षे लाकडे कापण्यात घालवली. नॉर्वेत तर याला जवळजवळ राष्ट्रीय संस्काराचे रूप आहे. तिथे लार्स मिटिंग या लेखकाचे केवळ लाकूड तोडणे, फोडणे, रचणे आणि जाळणे या विषयावरचे पुस्तक २०११ साली निघाले आणि ते तडाख्याने खपले. २०१३च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने या विषयावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले आठ तास नुसती शेकोटी जळत होती! आणि प्रेक्षकांनी तक्रारी केल्या त्या कंटाळा आल्याच्या नव्हत्या. लाकडे रचताना साल वर हवी की खाली, यावर त्यांचे मतभेद होते.

हे वाचून माझी कॉलर ताठ झाली, हे खरे. पण मग मनात आले की नॉर्वेत जे कौतुकाचे आहे ते आपल्याकडे 'घरची परिस्थिती' का ठरते? थंडी हे उत्तर पुरे पडत नाही. उत्तर आमच्या बांधावरून रोज सकाळी जाते. डोंगराच्या बाजूच्या वाडीतल्या दोन-तीन बायका मोळ्या घेऊन खाली उतरतात. त्यातली एक मावशी आमच्या आवाराशी टेकायला थांबते. माझ्या रचलेल्या लाकडांकडे बघत ती एकदा म्हणाली, "बाय, तुजी लाकडं बघाया मानसं थांबतात. माजी मोळी आली का बाजूला होतात."

तिच्या मोळीचे वजन पंचवीस किलोच्या आसपास. भरलेला सिलिंडर तीसएक किलोचा. डोक्यावरचे ओझे जवळपास सारखेच, पण वरच्याच हिशेबाने पाहिले तर एका सिलिंडरचे काम करायला सात मोळ्या लागतात. म्हणजे डोंगराच्या सात फेऱ्या. पेट्रोलच्या टंचाईवर सारे जग बोलत असताना १९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकन अभ्यासकाने सरपणाची टंचाई हे दुसरे ऊर्जासंकट आहे, असे बजावणारी पुस्तिका लिहिली. १९८६ साली बीना अगरवाल यांनी या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि सरपणाच्या प्रश्नाची मुळे जमीन कोणाची व घरात शब्द कोणाचा, यात आहेत हे दाखवले. सरपणासाठी सारी जंगले संपतील ही त्या काळातली भीती तितकीशी खरी ठरली नाही. जंगल गेले ते अधिक करून शेतीसाठी आणि इमारतीच्या लाकडासाठी. मोळीत पाहिले तर हे सहज कळते. तिच्यात मनगटापेक्षा जाड काही नसतेच. वाळक्या डहाळ्या, पडलेल्या फांद्या, करवंदीची झुडपे. बाईच्या हाती कोयती असते. बुंधा पाडणारी कुऱ्हाड आणि तो नेणारा ट्रक दुसऱ्यांचा असतो. तरीही 'जंगलतोड' म्हटले की आपल्या निबंधस्पर्धांतून चित्र येते ते मोळीवालीचे.

२०११च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ निम्म्या घरांनी स्वयंपाकाचे मुख्य इंधन म्हणून लाकूडच सांगितले होते. मे २०१६मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मावशीच्याही घरी सिलिंडर आला. तो तिने ठेवला आहे. पाहुणे आले, कोणी आजारी पडले, की पेटवते. दुसऱ्या सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात. मोळीचे नाही, तिचे मोजमाप फक्त तिच्या मानेला ठाऊक. तिच्यात आणि माझ्यात फरक कष्टाचा नाही, काही दिवशी माझेच हात जास्त सोलवटलेले असतात. फरक इतकाच की मी पुढच्या रविवारी न गेले तर आमच्या घरात कोणाचे काही अडत नाही. जे सोडून देता येते तोच छंद. म्हणून तिच्या कामाला कोणी कौतुकाने छंद म्हणू लागले, तर तो मी अपमान समजेन. आणि माझ्या छंदाला कोणी कष्ट म्हणून मान देऊ लागले, तर तीही लबाडीच.

इथे माझे मत स्पष्ट मांडते. ज्याला पर्याय आहे त्याने रानातल्या पडलेल्या काटकीला हात लावू नये. ती त्याची नव्हे. आपल्या कोकणात रान बहुतेक खासगी मालकीचे, सातबाऱ्यावर कोणाचे तरी नाव असतेच. पण वाळकी फांदी उचलायची मुभा भूमिहीन बाईला वर्षानुवर्षे तोंडी चालत आली आहे. हौशी माणूस तिथे पोचला की ती मुभा आधी आटते, मग तिला किंमत लागते. हौस करायची तर आपल्या आवारात करावी. वादळात पडलेले झाड, छाटणीच्या फांद्या, कुंपणाचे गिरिपुष्प. गिरिपुष्प तर कापावे तितके जोमाने फुटते आणि पाला खताला होतो. माझी अठ्ठावीस किलो त्यात भागते. ज्याच्याकडे आवार नाही त्याने दुसरा छंद शोधावा, किंवा ज्यांच्याकडे आवार आहे पण हात नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांची लाकडे फोडून द्यावीत. गावात अशी घरे किती आहेत हे मुंबईला माणसे गेलेल्या कुठल्याही वाडीत विचारा.

दुसरे मत कोयती आणि कुऱ्हाडीच्या भेदाबद्दल. मी गेलेल्या एका श्रमशिबिरात स्वयंपाकासाठी सरपण लागत होते. कामाची वाटणी झाली : मुलींनी उतारावरून काटक्या गोळा करून आणायच्या, मुलांनी ओंडके फोडायचे. आम्ही तीन खेपा केल्या. मुले आळीपाळीने कुऱ्हाड चालवत होती आणि उरलेली टाळ्या वाजवत होती. शिबिराच्या फलकावर फोटो लागला तो कुऱ्हाड उगारलेल्या मुलाचा. मुलाविषयी माझी तक्रार नाही. त्याचा घाव चांगला होता, फक्त गुडघे ताठ होते. तक्रार अशी की मी कुऱ्हाड मागितली तेव्हा मला "लागेल तुला" असे सांगण्यात आले, आणि डोक्यावरून पंचवीस किलो उतारावरून आणताना मान लचकेल, हे कोणालाच सुचले नाही. गोळा करणे, वाहणे, निवडणे, वाळवणे ही सारी कामे बायकांची आणि बिनमोलाची. शेवटचा घाव तेवढा पुरुषाचा, आणि त्याला मजुरीही आहे, टाळ्याही आहेत. आजीने माझ्या हातात कोयती दिली ती याच नियमाने. नियम तिने केला नव्हता.

मुलांनो, हा छंद तुम्हाला लागावा असे मला मनापासून वाटते. व्यायामशाळेची फी भरून लोखंड वर-खाली करण्यापेक्षा तो स्वस्त आहे, आणि शेवटी हातात काहीतरी उरते. पण तो घावापासून सुरू करू नका. आधी मोळी बांधा, ती डोक्यावर घेऊन अर्धा मैल चाला, मग कुऱ्हाडीला हात घाला. मुलींना वेगळे सांगायला नको, त्यांची पहिली पायरी बहुधा झालेलीच असते.

वसतिगृहामागचा गुलमोहर गेल्या पावसात मोडून पडला आहे, तो अजून तिथेच आहे. त्याचे लाकूड हलके, निखारा धरत नाही, पण शिकायला उत्तम. रीतसर परवानगीचा अर्ज दिला आहे. परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे असेन. दुहेरी करवत आहे, कुऱ्हाडी दोन आहेत, पाचरी तीन. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणींना पाणी तापवायला जळण लागते, त्यांच्या पडवीपर्यंत ते वाहून न्यायचे आहे. बूट घालून यावे. कोणी काय वाहिले आणि कोणी काय फोडले याची यादी मी ठेवणार आहे.